सात फुटांचं गिधाड

परभणी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांना बोलक्या भिंती काही नव्या नाहीत. बाराखडी, पाढे, महाराष्ट्राचा नकाशा आणि एखादं जंगल. त्या जंगलात सिंह हमखास, जिराफही हमखास. पेंटरच्या वहीत जे असतं ते भिंतीवर येतं, त्याला तरी काय बोलणार! पण पूर्णा-दुधनेच्या काठची पोरं स्वतःच ब्रश घेऊन आपल्या मुलखातला हरवत चाललेला जीव काढायला बसली, तर पुस्तकाच्या पानाला कधीच न जमणारी एक गंमत होते. प्राणी खऱ्या आकारात मावतो.

पांढऱ्या पाठीचं गिधाड घ्या. पुस्तकात ते अंगठ्याएवढं असतं. प्रत्यक्षात पसरलेले पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे सात फूट, म्हणजे पहिलीतली दोन पोरं हात पसरून शेजारी उभी राहिली तेवढे! एवढं मोठं चित्र काढायची युक्ती जुनी आहे. कागदावरच्या चित्रावर इंचाइंचाच्या चौकटी आखायच्या. भिंतीवर काव लावलेली सुतळी ताणून झटका द्यायचा की सरळ रेघ उमटते. अशा फुटाफुटाच्या चौकटी पाडायच्या. सात आडव्या, तीन उभ्या, एकूण 21. एकेकाच्या वाट्याला एकेक चौकट. कुणाला नुसता काळा रंग भरायचा असतो, कुणाला दोनच वाकड्या रेघा, आणि आपण काय काढतोय हे निम्म्यांना कळतही नाही. मग मागे सरून पाहावं तर गिधाड! पाठीचा पांढरा डाग तर रंगवावाही लागत नाही, तिथे भिंतीचा चुना तसाच सोडायचा.

हा पक्षी गेला कसा, ते ऐकून पोरं चकित होतात. पूर्वी मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की गिधाडांचा थवा थोड्याच वेळात हाडं उघडी करायचा. घरच्या आजोबांना विचारा, ते सांगतील. नव्वदच्या दशकात गुराढोरांना डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध सर्रास देऊ लागले. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली. मादी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे तूट भरून यायला पिढ्या लागतात. जनावरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली. गिधाडांना तशाच घातक असलेल्या केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या औषधांवर 2023 मध्ये.

शेजारची भिंत तणमोराला द्यावी. कोंबडीएवढाच हा पक्षी, पण पावसाळ्यात नर मादीला दिसावं म्हणून गवतातून पुरुषभर उंच उडी घेतो, दिवसाकाठी पाचशेच्या आसपास उड्या! अकोला-वाशिमच्या माळांवर तो दिसल्याच्या नोंदी आहेत. माळ नांगरले गेले तसा तो आटला, आणि 2021 मध्ये धोक्यातल्या जिवांच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त ठरला.

भिंत रंगवणं मराठवाड्याच्या हाडीमाशी मुरलेलं आहे. अजिंठ्याच्या 17 व्या लेण्यात सहा दातांच्या हत्तीची गोष्ट अजून भिंतीवर आहे.

तेव्हा गुरुजी, बाई, यंदा शाळा रंगवायला काढाल तेव्हा पेंटरला जिराफ जरूर काढू द्या. फक्त एक भिंत कोरी ठेवा, आणि त्यावर सात फूट मोजायचं काम पोरांना द्या.