जुनं घड्याळ, टॉर्च आणि शून्य रीडिंग

गणपतीत खेडला घरी गेले होते. शेजारच्या काकांनी वडिलांचं घड्याळ पुढ्यात ठेवलं. फेव्हर-ल्युबाचं 'डीप ब्लू', १९६०च्या दशकातलं, खास पाणबुड्यांसाठी बनवलेलं. वडील बोटीवर होते. "गिऱ्हाईक म्हणतंय, डायल मागाहून रंगवलंय. तू फिजिक्सवाली ना, बघ जरा!"

संग्राहक मूळ तबकडीलाच किंमत देतात, त्यामुळे प्रश्न पैशांचा होता. अशा वेळी आधी ठरवायचं: तबकडी मूळ असेल तर काय दिसेल, नसेल तर काय?

अंधारात काटे दिसावेत म्हणून पूर्वी झिंक सल्फाइडमध्ये रेडियम मिसळायचे. १९६०च्या दशकात त्याची जागा ट्रिटियमने घेतली. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे ६० वर्षांत ते पाचेक वेळा निम्मं होऊन जेमतेम ३ टक्के उरतं. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं, ते अजून ९७ टक्के शिल्लक असतं. तरी रेडियमचे आकडेही आज चमकत नाहीत, कारण किरणांच्या माऱ्याने झिंक सल्फाइडच निकामी होतं. १९९०च्या दशकात आलेल्या रंगात स्ट्राँशियम ॲल्युमिनेट असतं. ते किरणोत्सारी नाही, पण एकदा उजेड मिळाला की तासन् तास चमकतं.

पहिली चाचणी: अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च मारून बंद केला. आकडे उजळले आणि काही सेकंदांत विझले. म्हणजे नवा रंग नाही. काकांनी घड्याळ सोबत दिलं, ते लॅबमध्ये गायगर काउंटरजवळ धरलं. रीडिंग नेहमीच्या पार्श्वभूमीइतकंच. म्हणजे रेडियमही नाही.

मग ट्रिटियम सिद्ध झालं? नाही! ट्रिटियमचे बीटा कण इतके दुबळे की घड्याळाची काचही ओलांडत नाहीत. ट्रिटियम असो वा नसो, काउंटर गप्पच राहणार. शिवाय १९७०-८०मध्ये कुणी ट्रिटियमनेच पुन्हा रंगवलं असेल, तर दोन्ही चाचण्या तेच उत्तर देतील.

काकांना फोन केला: "अलीकडे रंगवलेलं नाही, एवढं नक्की. मूळच आहे, हे मी सांगू शकत नाही."

"म्हणजे खरं की खोटं?"

"गिऱ्हाइकाकडे काय पुरावा आहे, ते विचारा."

त्याच्याकडे काहीच नव्हतं. काकांनी घड्याळ ठेवून घेतलं.

तुमच्या प्रपोजलमध्ये प्रत्येक चाचणीपुढे दोन ओळी लिहा: ही कोणती शक्यता खोडते, आणि कोणती खोडूच शकत नाही. दुसरी ओळ सुचत नसेल, तर चाचणी अजून नीट समजलेली नाही.

आणि हो, जुन्या घड्याळाचा रंग घरी खरवडू नका. रेडियमची धूळ श्वासातून आत गेली तर धोका खरा आहे.