अडकलेलें इंजिन कसें सोडवावें

दोन-स्ट्रोक इंजिनाच्या मोटारसायकली खेड्यापाड्यांतून अद्यापि दिसतात. त्यांपैकीं यामाहा आर. एक्स. १०० ही सुप्रसिद्ध गाडी. १९८५ सालीं ती भारतांत निघाली व १९९६ सालीं तिचें उत्पादन बंद झालें. अशी गाडी दोन-चार पावसाळे गोठ्याच्या कोपऱ्यांत पडून राहिली, म्हणजे किक खालीं जात नाहीं, आणि घरांतील एखादा तरुण हातोडा घेऊन पुढें सरसावतो. खरें नुकसान बहुधा त्या वेळीं होतें. पिस्टन नवा मिळतो. पण फुटलेली क्रँककेस बदलणें कठीण, आणि तिच्यावर इंजिनाचा नंबर कोरलेला असल्यामुळें कागदोपत्रीं अडचण येते ती निराळीच.

भाग अडकण्याचीं कारणें मुख्यतः तीन. एक, गंज: दमट हवेनें सिलिंडरचें लोखंडी अस्तर गंजतें व रिंगा त्याला धरतात. दुसरें, तेलाची तूट: पेट्रोलबरोबर पुरेसें तेल न गेल्यास ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून अस्तरापेक्षां अधिक फुगतो व त्याची धातु अस्तराला चिकटते. तिसरें, जे भाग मुळांतच घट्ट बसविलेले असतात ते. उदाहरणार्थ, मॅग्नेटचें चाक व बेअरिंगें. कारण ओळखल्यावांचून हत्यार उचलूं नये.

प्रथम प्लग व सायलेन्सर काढावा आणि धुराच्या द्वारांतून विजेच्या बत्तीनें पाहावें. तांबूस डाग दिसल्यास गंज, रुपेरी ओरखडे दिसल्यास तेलाची तूट समजावी. मग डिझेल व पातळ तेल समभाग मिसळून प्लगच्या भोंकांतून ओतावें. पिस्टन खालीं असेल तर हें मिश्रण धुराच्या द्वारानें वाहून जाईल. म्हणून तें द्वार आधीं बुचानें बंद करावें. तीन-चार दिवस थांबावें व मिश्रण कमी झाल्यास पुन्हां भरावें. नंतर हेड काढून, वरचा गियर टाकून, मागचें चाक हातानें किंचित पुढें, किंचित मागें हलवावें. एकाच दिशेनें जोर केल्यास रिंगा अधिकच रुततात.

एवढ्यानेंही न सुटल्यास बाभळीचा गोल ठोकळा पिस्टनच्या माथ्यावर ठेवून हलके ठोके द्यावे. मात्र पिस्टन अगदीं वरच्या किंवा अगदीं खालच्या टोकाला असेल, तर ठोक्यानें क्रँक फिरत नाहीं. सारा मार बेअरिंगांवर बसतो. अशा वेळीं ठोके न देतां पुन्हां तेल ओतून वाट पाहावी. सिलिंडर उचलतांना त्याच्या पातळ पात्यांवर मारूं नये, आणि तो पिळूं नये. कारण पिळल्यानें रिंगेचें टोक द्वारांत अडकून मोडतें.

मॅग्नेटचें चाक निमुळत्या दांड्यावर बसलेलें असतें. तें त्याच गाडीच्या पुलरनेंच ओढावें. मागून पहार घातल्यास चाक वाकतें, आणि दांड्याच्या टोकावर मारल्यास आटे बिघडतात. पुलर ताणून त्याच्या बोल्टावर एक ठोका दिला, कीं चाक सुटतें.

क्रँककेसचे दोन भाग वेगळे करण्यापूर्वीं सर्व स्क्रू निघाले कीं नाहीं, हें मोजून पाहावें. सांध्यांत पेचकस खुपसूं नये. दोन-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आधीं क्रँककेसमध्यें येतें. सांध्याला ओरखडा पडल्यास तेथून जादा हवा शिरते, इंजिन तापतें, आणि नवा पिस्टनही अडकतो. बेअरिंग काढण्यासाठीं केस सुमारें १०० अंश सेल्सिअसपर्यंत सारखी तापवावी. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. म्हणून ५० मिलिमीटरच्या भोंकांत मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढी सैल जागा होते, आणि बेअरिंग बहुधा आपोआप खालीं उतरतें. तापविण्यापूर्वीं पेट्रोलचा अंश पूर्ण पुसून टाकावा. उघडी ज्योत वापरूं नये.

या कामाला लागणारीं हत्यारें थोडीं आहेत. बहुतेक काम तेल, उष्णता आणि चार दिवसांचा धीर यांनींच होतें; आणि तेवढा धीर धरल्यास गाडीचें मूळ इंजिन शाबूत राहतें.