सही कोणासमोर झाली? महाड-पोलादपुरातल्या कर्जाच्या कागदांचा मागोवा

महाड किंवा पोलादपुरात घर, दुकान नाहीतर जमिनीवर कर्ज काढायला निघालेल्या माणसाची फाइल उघडली, की नोटरीचा शिक्का दोन-चार कागदांवर तरी दिसतोच. गहाणाला मात्र कायद्याने नोटरी लागत नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त रकमेचं साधं गहाण नोंदणीकृत दस्ताने होतं. मूळ खरेदीखत तारण म्हणून बँकेच्या हवाली करून होणाऱ्या गहाणाला तर लेखी दस्ताचीही सक्ती नाही. असं असूनही नोटरीवाचून इथली फाइल पुढे सरकत नाही. याचं उत्तर बँकेच्या नियमांत कमी आणि इथल्या जमिनीच्या कागदांत जास्त सापडतं. सातबाऱ्यावरचं नाव आणि समोर उभा असलेला माणूस यांच्यात या दोन तालुक्यांत फार अंतर पडलं आहे, आणि ते सांधण्याचं काम गेली तीसेक वर्षं नोटरीकडे आलं. त्याच काळात शिक्क्याकडून भलत्याच अपेक्षा वाढल्या. सही करणाऱ्याला समोर बसवून ओळखायचं, विचारायचं आणि नोंदवहीत उतरवून घ्यायचं, हे नोटरीचं मूळ काम मात्र आखडत गेलं. माझा सगळा आक्षेप या दुसऱ्या गोष्टीला आहे.

हे अंतर पडलं कसं ते आधी पाहायला हवं. जुन्या सातबाऱ्यावर बरेचदा थोरल्या भावाचं एकट्याचं नाव असतं आणि त्यापुढे 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.पु.' अशी अक्षरं. एकत्र कुटुंबाचा कारभारी म्हणून ते नाव लागलं, पण धाकट्यांची पोरं, नातवंडं हिश्शाची धनी आहेतच. नाव लागलं तेही नुसतं स्वतःचं आणि बापाचं. आडनावाचा पत्ता नाही. आधार कार्डावर आडनावासकट पूर्ण नाव, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. बँकेला हा एकच माणूस आहे हे कळायला हवं, म्हणून 'नावातील तफावतीचं' प्रतिज्ञापत्र. पोलादपूरच्या डोंगराळ गावांतली बरीच कर्ती माणसं मुंबईत, महाडच्या खाडीपट्ट्यातली अनेक कुटुंबं आखातात; म्हणून मुखत्यारपत्र. आजोबा वारले, फेरफार झालाच नाही. म्हणून वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि पुढे कोणी हक्क सांगायला आलं तर भरपाई करू असं हमीपत्र. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, तेव्हापासून सासरी गेलेल्या बहिणींच्या सह्याही फाइलीत आल्या. हा बदल न्याय्य होता. त्याने सही करणाऱ्यांची संख्या वाढवली आणि सही करताना काय सोडतोय हे माहीत नसलेल्यांचीही.

बहिणीच्या सहीचा कागद जरा जवळून पाहण्यासारखा आहे. भाऊ कर्ज काढतो, बँकेचा वकील हिस्सेदारांची संमती मागतो, आणि मजकूर तयार होऊन येतो. त्यात 'माझी काही हरकत नाही' आणि 'माझा काही हक्क राहिलेला नाही' ही दोन वाक्यं एकाखाली एक येतात. पहिलं वाक्य कर्जापुरतं आहे, दुसरं जन्मभराचं. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. नोटरीच्या शिक्क्याने तो सुटत नाही. पण बाईला ते सांगणार कोण? पुढे वाटणीचा विषय निघाला, की हाच कागद तिच्यापुढे टाकला जातो, आणि कोर्टात टिकला नाही तरी घरात तो चालतो. सहीच्या वेळी समोर बसलेला नोटरी दहा वर्षं वकिली केलेला असतो (महिला आणि मागास प्रवर्गांतल्या वकिलांसाठी ही अट सात वर्षांची आहे). दोन वाक्यांतला फरक सांगायला त्याला दोन मिनिटं पुरतात. ती दोन मिनिटं देण्यासाठीच कायद्याने हे पद अनुभवी वकिलाला दिलं, असं मी मानतो.

१९५२च्या नोटरी कायद्याने नोटरीला दस्तावरची सही प्रमाणित करण्याचा आणि शपथ देण्याचा अधिकार दिला. १९५६च्या नियमांनी नोंदवही ठेवणं बंधनकारक केलं. नोटरीसमोर झालेल्या मुखत्यारपत्राबद्दल ते रीतसर झालं असं न्यायालयाने धरून चालावं, ही तरतूद १८७२च्या पुरावा कायद्यापासून आहे. समोर सही झाली या एका गोष्टीवर कायदा एवढा भरवसा टाकतो. मिळकत खरी कोणाची याबद्दल मात्र शिक्का काहीच बोलत नाही, आणि गैरसमज नेमका इथे शिरला. नोटरी केलेल्या साठेखतावर जमिनी घेतल्या-दिल्या गेल्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात मुखत्यारपत्र आणि करारनाम्यावरच्या 'विक्री'ने मालकी जात नाही हे स्पष्ट केलं, तरी ही सवय सुटली नाही. १२ जुलै २०२१च्या परिपत्रकाने नोंदणी विभागाने गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीच्या दस्तांना आवर घातला. ज्यांना नोंदणीची वाट बंद झाली त्यांना नोटरीची वाट उघडी दिसली. असा कागद घेऊन माणूस कर्जाला गेला, की बँकेचा वकील सर्च रिपोर्टमध्ये त्याला उभंच करत नाही. पैसे गेलेले असतात, जमीन नावावर नसते, आणि हातात असतो नोटरीचा शिक्का.

त्याच जुलैत, २२ तारखेला, सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत चढलं आणि तळिये गावात दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या आपत्तीकडे कागदांच्या बाजूने पाहिलं तर एक फरक ठळक दिसतो. खरेदीखत नोंदवलेलं असेल तर ते भिजलं, वाहून गेलं तरी दुय्यम निबंधकाकडून त्याची प्रमाणित नक्कल मिळते. नोटरी केलेल्या कागदाची नक्कल सरकारी दप्तरात नसते. तो हरवला की मागे उरते नोटरीच्या नोंदवहीतली एक ओळ: तारीख, नाव-पत्ता, कागदाचा प्रकार, आणि पक्षकाराची सही. घरातली कर्ती माणसंच गेली असतील तर कोणी कधी काय लिहून दिलं होतं याचा माग त्या ओळीवरूनच लागतो. ती ओळ पक्षकार समोर असताना भरली की संध्याकाळी एकगठ्ठा, यावर तिची सगळी किंमत ठरते.

सह्या एकगठ्ठा झाल्या की काय होतं ते अमेरिकेने पाहिलं. तिथे घरकर्जाच्या सह्या घ्यायला ग्राहकाच्या दारी जाणारे नोटरी हा वेगळा व्यवसायच आहे. नोटरी वकील असावा लागत नाही, आणि दर सहीमागे पैसे मिळतात. २०१० मध्ये उघड झालं, की घरं जप्त करण्याच्या प्रकरणांत बँकांची माणसं न वाचता शपथपत्रांच्या गठ्ठ्यांवर सह्या करत होती आणि सही करणारा समोर नसताना त्यांवर नोटरीचे शिक्के पडत होते. २०१२ मध्ये पाच मोठ्या कर्जसंस्थांना ४९ राज्यांशी आणि केंद्राशी सुमारे २५ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. न वाचता झालेली सही आणि न पाहता पडलेला शिक्का एकत्र आले, की त्याचा भार शेवटी कर्जदाराच्या घरावर येतो.

यावर पहिला आक्षेप असा, की आता हे सगळं जुनं झालं. २०१३पासून मूळ दस्त ठेवून केलेल्या गहाणाची सूचना तीस दिवसांत निबंधकाकडे द्यावी लागते. २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. २०२२ मध्ये केंद्राने बँकांसारख्या नियंत्रित संस्थांना दिलेली मुखत्यारपत्रं इलेक्ट्रॉनिक रूपात करायला मोकळीक दिली. कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत द्यावेत, उशिराला रोज पाच हजार रुपये भरपाई द्यावी, हा रिझर्व्ह बँकेचा नियमही १ डिसेंबर २०२३पासून लागू आहे. या सुधारणा मोलाच्या आहेत आणि त्यांनी कर्जदाराचं बळ वाढवलं. पण त्या कागदाचा माग ठेवतात. अंगठ्याचा ठसा जुळला म्हणजे माणूस तोच आहे एवढं कळतं. तो राजीखुशीने आला का, मजकूर त्याला कोणी वाचून दाखवला का, हे कळत नाही. सामाईक सातबारा संगणकावर आला तरी सामाईकच राहतो. उलट सगळं झटपट होऊ लागल्यावर थांबवून विचारणारी जागा नोटरीचं टेबल एवढीच उरते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नोटरीला एका कागदामागे मिळतं ते किती, आणि त्याने नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या टेबलावर जाणारच. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने शंभराच्या मुद्रांकाची जागा पाचशेला दिली. सरकारी कार्यालयांत आणि कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना २००४पासून माफी आहे, पण बँकेसाठीच्या कागदाला ती लागू नाही. म्हणजे पक्षकाराचा खिसा मुद्रांकातच रिकामा होतो आणि नोटरीच्या फीवर घासाघीस सुरू होते. त्याच वर्षी केंद्राने महाराष्ट्रात हजारो नवे नोटरी निवडले, तेव्हा टेबलंही वाढली. ही अडचण खरी आहे, तिला नुसत्या नीतीचं उत्तर पुरत नाही. पण बँकेला आणि पतसंस्थेला एक गोष्ट आजच करता येईल: नोटरी कोण हे कर्जाच्या एजंटाने ठरवू नये, सही करणाऱ्याने ठरवावं, आणि नोंदवहीचा अनुक्रमांक कागदावर नसेल तर कागद परत करावा. फी कर्जाच्या प्रक्रिया शुल्कात धरून थेट नोटरीला दिली, तर दर सहीमागची घाईही कमी होईल. बहिणीच्या संमतीपत्रातलं ते दुसरं वाक्य बँकेला लागतच नाही. कर्जापुरती हरकत नाही एवढ्यावर बँकेचं काम भागतं. ते वाक्य छापील नमुन्यातून काढून टाकायला कुठल्याही कायद्याची दुरुस्ती लागत नाही.