चटका बसला? आधी माठाकडे चला

उन्हाळा लागला, वऱ्हाडात घरोघरी मिरच्या कुटणे आणि कुरडया-पापड घालणे सुरू झाले की माझ्या दवाखान्यात स्वयंपाकघरातले जखमी येऊ लागतात. काहींना पाहून हसू येते, काहींना पाहून घास उतरत नाही.

मिरचीवाल्यांपासून सुरुवात करू. एक ताई दोन्ही हात पुढे धरूनच आल्या. "पाच डाव हात धुतले जी, तरी भगभगतेच!" सोबतचे यजमान गालातल्या गालात हसत होते. मग माया दाटून आली म्हणून त्यांनी बायकोचे हात चोळून दिले आणि त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसताना स्वतःचा डोळाही चोळला. पुढची दहा मिनिटे हसण्याची पाळी ताईंची होती. मिरचीतले कॅप्सायसिन हे झोंबणारे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून हाताला आधी गोडेतेल चोळावे, पुसून घ्यावे, मग साबणाने धुवावे. डोळ्यात मात्र तेल नको. तिथे भरपूर स्वच्छ पाणीच.

भरताचे वांगे टोचे न मारता विस्तवावर ठेवणे, उपवासाचा साबुदाणा वडा ओलसर राहणे, हे प्रकारही घरोघरचे. आत कोंडलेली वाफ वाट शोधते आणि ती वाट नेमकी आपल्या तोंडाच्या दिशेने निघते!

आता हसू न येणारी गोष्ट. तीन वर्षांच्या एका मुलाने ओट्यावरचे चहाचे पातेले ओढले. दवाखान्यात आणले तेव्हा त्याच्या छातीवर टूथपेस्ट, त्यावर हळद आणि कडेने बटाट्याचा कीस होता. आजीने मायेनेच लावले होते. पण जखम किती खोल आहे हे पाहण्यासाठी तो सगळा लेप मला काढावा लागला. त्या लेकराचे ओरडणे बाहेर बसलेल्या आजीला ऐकवेना. भाजण्यापेक्षा तो लेप काढणेच त्याला अधिक सोसावे लागले, असे मला वाटते.

हळद वाईट नाही, भाजीत हवीच. पण भाजलेल्या कातडीला हवे असते ते फक्त थंड पाणी, आणि तेही पूर्ण वीस मिनिटे. वरची आग थांबली तरी कातडीच्या आतली उष्णता लगेच जात नाही, ती खाली खाली भाजत राहते. पाणी ती काढून घेते. लगेच जमले नाही तरी तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो.

नळाखाली हात धरा, असे पुस्तकात असते. पण वाशीम, रिसोड, कारंजा कुठेही घ्या, मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी स्वतःच चटका देते आणि नळाला रोज पाणी येईलच याची खात्री नाही. अशा वेळी माठातले किंवा रांजणातले पाणी घ्या. खाली घमेले ठेवून लोट्याने सावकाश ओतत राहा. बर्फ नको, त्याने कातडीला आणखी इजा होते. सूज यायच्या आत बांगड्या, अंगठी काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. फोड फोडू नका. लहान मूल असेल तर भाजलेल्या जागेवरच पाणी घाला, बाकीचे अंग पांघरुणात ठेवा. नंतर धुतलेले सुती कापड सैल झाकून दवाखाना गाठा.

रुग्णाच्या स्वतःच्या तळव्याहून मोठी जागा भाजली, किंवा चेहरा, हात, सांधा, जांघ भाजली, तर घरी थांबू नका. लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नको. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते.

आणि कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती जळते तेल उडवून छतापर्यंत नेते. हात पोहोचत असेल तर गॅस बंद करा, कढईवर झाकण सरकवा, आणि ती उचलून अंगणात न्यायला धावू नका.

विळीच्या जखमा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांविषयी पुढच्या आठवड्यात.