दिव्याचे आयुष्य कोण ठरवते?

कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले काच कारखाना उभा राहिला आणि पुढे तिथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रातल्या गावोगावी पोहोचला. त्या काळातल्या कोणत्याही कंदिलाची घडण आज पाहिली तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. काच तडकली तर काच बदलायची, वात संपली तर वात. टाकीला भोक पडले तर डाख देणारा कारागीर होताच. कंदिलाचे भाग एकेक करून जात, अख्खा कंदील सहसा जात नसे. प्रकाश मात्र बेताचा, आणि सोबत धूर, काजळी आणि रॉकेलचा वास.

आजच्या ९ वॅटच्या एलईडी दिव्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. तो साधारण ९०० ल्युमेन प्रकाश देतो, म्हणजे ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा थोडा जास्तच. वीज घेतो त्याच्या सातव्या हिश्शाच्या आसपास. पण त्यातला पाच-दहा रुपयांचा एखादा भाग गेला की सगळा दिवा कचऱ्यात जातो. खोक्यावर २५,००० तासांचे आयुष्य छापलेले असते. रोज पाच तास या हिशेबाने ते साडेतेरा वर्षांहून अधिक होते. प्रत्यक्षात कितीतरी दिवे दोन-तीन वर्षांत मान टाकतात. हा फरक कुठून येतो, हे समजून घेतले की नवे तंत्रज्ञान, वस्तूची रचना आणि टिकाऊपणा यांचे नातेही उलगडते.

हजार तासांचा करार

दिव्याचे आयुष्य माणसे ठरवतात, याचा सर्वात प्रसिद्ध दाखला शंभर वर्षांपूर्वीचा आहे. डिसेंबर १९२४ मध्ये जगातले मोठे बल्ब-उत्पादक जिनिव्हात एकत्र आले. जर्मनीची ओसराम, नेदरलँड्सची फिलिप्स, हंगेरीची तुंगस्राम अशा कंपन्या त्यात होत्या. त्यांनी बाजारपेठा वाटून घेतल्या आणि बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणायचे ठरवले. तोवर त्याहून जास्त टिकणारे बल्ब सर्रास मिळत. कारखान्यांतले नमुने तपासले जात आणि कुणाचा बल्ब ठरल्यापेक्षा जास्त टिकला तर त्या कंपनीला दंड होई. ‘फीबस’ या नावाने ओळखला जाणारा हा कट दुसऱ्या महायुद्धाने मोडला.

ही गोष्ट सांगताना तिची दुसरी बाजू बहुधा गाळली जाते. बल्बमधली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, तेव्हा ती उजळते. ती जितकी जास्त तापेल तितका प्रकाश पांढरा आणि विजेच्या मानाने जास्त. पण तितकीच ती लवकर झिजते आणि तुटते. तार मंद तापवली तर बल्ब वर्षानुवर्षे टिकेल, पण वीज खाऊन तांबूस उजेड देईल. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासूनचा बल्ब अजून जळतो आहे. तो आता जेमतेम ४ वॅटच्या बल्बाइतका मिणमिणतो, आणि त्याच्या दीर्घायुष्याचे मोठे कारण हेच आहे. १९५१ साली ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने बल्ब-उद्योगाची चौकशी केली, तेव्हा त्यानेही मान्य केले की हजार तास ही आयुष्य आणि कार्यक्षमता यांच्यातली एक तडजोड होती. कटामागे नफ्याचा हेतू होता; पण त्या हेतूला भौतिकशास्त्राचा आधारही मिळाला होता.

भट्टीतून चिपकडे

पिवळा बल्ब हा काच आणि धातू यांचा उद्योग होता. १९२६ साली कॉर्निंग कंपनीने काचेच्या वितळलेल्या पट्टीतून मिनिटाला शेकडो बल्ब फुंकणारे यंत्र आणले आणि बल्ब स्वस्त झाला. एलईडीत ना तार, ना निर्वात काच. अर्धवाहकाच्या दोन थरांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन ऊर्जा सोडतात, ती थेट प्रकाशाच्या रूपात. लाल एलईडी १९६२ पासून होते, पण पांढऱ्या प्रकाशासाठी निळा हवा होता. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडच्या स्फटिकांवर चिकाटीने काम करून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो साधला. त्याबद्दल तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या चिपवर पिवळा प्रकाश देणाऱ्या रसायनाचा लेप दिला की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो.

या बदलाने कारखान्याचे दोन तुकडे झाले. चिप बनवण्यासाठी धूळविरहित दालने आणि प्रचंड भांडवल लागते, म्हणून ते काम जगात मोजक्या ठिकाणी होते. जुळणी मात्र लहानशा गाळ्यातही जमते. आयात केलेल्या चिपांची पट्टी, प्लास्टिकचे कवच, पितळी टोपी आणि डाखकामाची लोखंडी एवढे असले की दिवा तयार. भारतात अनेक ठिकाणी महिला बचत गटही हे काम करतात. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली. तिच्यातून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. घाऊक खरेदीमुळे एका दिव्याचा खरेदी दर २०१४ च्या ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. गरीब घरात चांगला उजेड पोहोचला, ही या तंत्रज्ञानाची मोठी पुण्याई आहे. पण किंमत इतकी उतरते तेव्हा ती कुठून तरी काढलेली असते.

दिवा नेमका मरतो कुठे

एलईडीची चिप सहसा अचानक विझत नाही. ती हळूहळू मंद होत जाते. खोक्यावरचे तास बहुधा या मंदावण्यावरून काढलेले असतात: मूळ प्रकाशाच्या ७० टक्क्यांपर्यंत उतरायला लागणारा काळ. चिपा काही हजार तास पेटत्या ठेवून मोजमाप घेतात आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधतात. म्हणजे तो आकडा मुख्यतः चिपेचा आहे, सबंध दिव्याचा नव्हे.

दिवा मरतो तो आधी इतरत्र. घरातला प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह चिपेला चालेल असा करून देणारे छोटे सर्किट असते, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्यातल्या कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि उष्णतेने तो सुकतो. तंत्रज्ञांचा ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. ८५ अंशांना २०,००० तास टिकणारा कपॅसिटर १०५ अंशांना ५,००० तासच टिकेल. पिवळा बल्ब आपली उष्णता किरणांवाटे बाहेर फेकायचा. एलईडीची उष्णता चिपेपाशीच साचते आणि धातूमार्गे वाहून न्यावी लागते. म्हणून सुरुवातीच्या दिव्यांना ॲल्युमिनियमची जाड, कंगोरेदार मान असे. किंमत उतरली तशी ती मान प्लास्टिकची झाली आणि आत पातळ पत्रा उरला. काही दिव्यांत तर ड्रायव्हर चिपांच्याच पट्टीवर बसवतात. मग दोघे एकमेकांना तापवत राहतात आणि एक गेला की दुसराही वाया जातो. त्यात वीजदाबाचे चढउतार आणि बंद शेडमधला उन्हाळा.

चिपा एकामागे एक, माळेसारख्या जोडलेल्या असतात. एक जळाली की सगळी माळ विझते. विझलेल्या दिव्याचे टोपण काढून पाहिले तर पुष्कळदा एकाच चिपेवर काळा ठिपका दिसतो. गल्लीतला दुरुस्तीवाला त्या चिपेला डाखाने ओलांडून जातो आणि दिवा पुन्हा लागतो. ही युक्ती काही दिवस चालते. मूळ रोग उष्णतेचा असल्यामुळे पुढची चिप रांगेत उभीच असते.

सबब संपली

आता १९२४ च्या करारातली ती तडजोड पुन्हा आठवू. तारेच्या बल्बमध्ये दीर्घायुष्य हवे तर कार्यक्षमता सोडावी लागे. एलईडीत असे नाही. त्याच्या चिपेतून कमी प्रवाह सोडला तर ती थंड राहते, जास्त टिकते आणि शिवाय विजेच्या दर एककामागे जास्त प्रकाश देते. फक्त तेवढ्याच उजेडासाठी चिपा जास्त लावाव्या लागतात. म्हणजे आयुष्य आणि कार्यक्षमता आता एकाच बाजूला आहेत, दुसऱ्या बाजूला फक्त दिव्याची आजची किंमत.

हे केवळ कागदावरचे नाही. २०१६ मध्ये दुबईच्या नगरपालिकेने फिलिप्सकडून असा दिवा करून घेतला. त्यात चिपा जास्त आणि प्रत्येकीवरचा भार हलका. त्याने वॅटमागे २०० ल्युमेनपर्यंत मजल मारली, म्हणजे आपल्या नेहमीच्या दिव्याच्या दुप्पट. पुढे २०२१ च्या सुमारास याच धर्तीचे दिवे युरोपात ५०,००० तासांच्या दाव्यासह विक्रीस आले. तंत्रज्ञान तेच, बदलली ती मागणी करणाऱ्याची अट.

दुकानातल्या गिऱ्हाइकाला ही अट घालता येत नाही, कारण त्याला वॅट दिसतात, किंमत दिसते, कार्यक्षमतेचे तारे दिसतात. कपॅसिटर दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी दिवा गेला तेव्हा पावतीही हरवलेली असते. आज या दिव्यांचे आयुष्य घटवायला कुठल्या गुप्त बैठकीची गरज नाही. न दिसणाऱ्या गुणाला दाम मिळत नाही, म्हणून तो गुण आपोआप गळतो.

हिशेब पर्यावरणाचा

इथे प्रामाणिक हिशेब मांडला पाहिजे. ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर वर्षाला सुमारे ११० युनिट वीज लागते, ९ वॅटच्या एलईडीला सोळा-सतरा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१२ मध्ये दिव्यांच्या संपूर्ण जीवनचक्राचा अभ्यास केला, तेव्हा साधारण ९० टक्के ऊर्जा वापराच्या काळातच खर्च होते असे दिसले. म्हणजे दोन वर्षांत गेलेला एलईडीसुद्धा विजेच्या हिशेबात पिवळ्या बल्बला हरवतो. ट्यूबलाइट आणि सीएफएलमधला विषारी पाराही त्यात नाही.

पण हा हिशेब स्थिर नाही. वीज जितकी सूर्य-वाऱ्यापासून येऊ लागेल तितका वापराचा भार हलका होईल आणि बनवण्या-फेकण्याचा वाटा वाढत जाईल. दिव्यात ॲल्युमिनियम, तांबे, गॅलियम आणि यट्रियमसारखी दुर्मीळ मूलद्रव्ये असतात. गॅलियम मुख्यतः बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम काढताना मिळतो आणि त्याचे बहुतेक उत्पादन चीनमध्ये होते. ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. एका दिव्यात तो इतका अल्प असतो की भंगारातून वेगळा काढणे परवडत नाही. मग तो वाचवण्याचा व्यवहार्य मार्ग एकच: दिवा जास्त काळ चालवणे.

त्यासाठी नवा शोध लागायला नको, नियम हवा. युरोपीय संघात सप्टेंबर २०२१ पासून लागू असलेल्या नियमानुसार, दिवाबत्तीच्या साधनातला प्रकाशस्रोत आणि ड्रायव्हर साध्या हत्यारांनी, मोडतोड न करता काढता यावेत अशी अपेक्षा आहे. आपल्याकडे सरकारी खरेदी एवढी मोठी आहे, की निविदेत किमतीच्या जोडीला सबंध दिव्याच्या हमीची वर्षे आणि बदलता येणारा ड्रायव्हर या दोन अटी आल्या तरी बाजाराचे वळण बदलेल. ३१० चे ३८ रुपये ज्या खरेदीदाराने करून दाखवले, त्याला हे अशक्य नाही. तोवर घरच्या खरेदीत खोक्यावरच्या तासांपेक्षा हमीची वर्षे वाचावीत आणि पावती जपून ठेवावी. तास हा अंदाज असतो. हमीत निदान कंपनीचे स्वतःचे पैसे गुंतलेले असतात.

ओगलेवाडीच्या कंदिलाकडे परत जाण्याची गरज नाही. त्याचा धूर कुणालाच नको आहे. पण काच गेली तर काच आणि वात गेली तर वात, ही त्याची रीत ९ वॅटच्या दिव्यालाही लावता येते. त्यासाठी लागतील ते दोन स्क्रू, एक जोडणी आणि आठ-दहा रुपये जास्त.