चार बोल्ट जास्त म्हणजे चार भोके जास्त

वादळी पाऊस झाला की कळव्यात, खारेगावात, विटाव्यात कुठल्या तरी गच्चीवरचा फायबरचा पत्रा फाटतो. तो नीट पाहा. फाट मधोमध क्वचितच असते. ती बहुधा बोल्टच्या भोकापासून निघते. मग पुढच्या वर्षी चार बोल्ट जास्त मारले जातात, म्हणजेच चार भोके जास्त.

या पत्र्यात ताण पेलतात ते काचेचे धागे. रेझिन त्यांना धरून ठेवते. ड्रिल फिरले की धागेच तुटतात आणि त्यांचा भार भोकाच्या कडेला गोळा होतो. पोलादातही भोकाच्या कडेला ताण सुमारे तिप्पट होतो, पण पोलाद तिथे किंचित ताणले जाऊन भार आजूबाजूला वाटून देते. फायबरला हे जमत नाही, त्याचे धागे सरळ तुटतात.

जोड मोडण्याच्या तीन तऱ्हा नेहमीच्या. भोकातून पट्टी आडवी फाटते, बोल्ट कडेपर्यंतचा भाग कापत बाहेर येतो, किंवा भोकाची कड चिरडून भोक लांबट होते. पहिल्या दोन अचानक घडतात. तिसरीत जोड आधी ढिला होतो, खडखडतो आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. म्हणून अभियंते मुद्दाम तिसरीच पत्करतात. 10 मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोक कडेपासून निदान 30 मिलिमीटर आत आणि दोन भोकांत 40 ते 50 मिलिमीटर अंतर, हा ढोबळ हिशेब. सगळे धागे एकाच दिशेने असले तर बोल्ट कडेकडे सहज कापत जातो, म्हणून काही थर 45 अंशांत तिरके घालतात. रुंद वायसर आणि बेताने आवळलेला नट थरांना दाबून धरतो. त्यामुळे कड उशिरा चिरडते.

विमानांत हा हिशेब जिवावरचा असतो. बोइंग 787 च्या वजनाचा सुमारे निम्मा भाग अशा धाग्यांच्या साहित्याचा आहे. 12 नोव्हेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमध्ये एका एअरबस ए300 चे शेपटीवरचे उभे पाते हवेत निखळले आणि 265 माणसे गेली. पाते ज्या कार्बन-धाग्यांच्या कड्यांतून बोल्टने जोडले होते, त्यांतले एक कडे आधी तुटले. मात्र जोड कच्चा नव्हता. सहवैमानिकाने सुकाणू दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवल्याने आराखड्यातल्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त भार आला, असे तपासात निघाले.

गच्चीवर एवढे तरी करा: भोक खिळा ठोकून पाडू नका, ड्रिलनेच पाडा. खाली लाकडी फळी धरा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना खालचे थर सुटतात.