विश्लेषण : नवाकोरा संगणक, तरी विंडोजचे अपडेट का अडते?

विंडोज १० ला मिळणारी नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि जुना संगणक बदलण्याचा विचार अनेकांना करावा लागला. गोंदिया जिल्ह्यात सेवा केंद्र असो, झेरॉक्सचे दुकान असो की राइस मिलचे कार्यालय, सुटे भाग नागपूरहून किंवा ऑनलाइन मागवायचे आणि गोंदिया, तिरोडा, आमगावातल्या ओळखीच्या तंत्रज्ञाकडून जोडून घ्यायचे, हा सोयीचा आणि स्वस्त मार्ग. असा ‘असेंबल्ड’ संगणक पहिले काही दिवस झकास चालतो. मग विंडोज ११ ची २४एच२ किंवा २५एच२ ही मोठी आवृत्ती बसू लागते आणि मध्येच निळा (हल्ली काळा) पडदा येतो, नाहीतर बरेच काम झाल्यावर सगळे मागे फिरते. ‘फॉरमॅट मारून देतो’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. धान विक्रीच्या नोंदणीचे दिवस असतील आणि शेतकऱ्यांचे सातबारे, बँक पासबुकांच्या प्रती त्याच संगणकात असतील, तर हे उत्तर फार महागात पडू शकते.

नव्या संगणकालाच हा त्रास का?

कंपनीचा तयार लॅपटॉप बाजारात येतो तेव्हा त्यातला मदरबोर्ड, बायोस, एसएसडी आणि ड्रायव्हर एकमेकांबरोबर तपासलेले असतात. जुळवलेल्या संगणकात हेच भाग पहिल्यांदा भेटतात ते दुकानाच्या टेबलावर. रोजच्या कामात त्यांचे न जुळणे झाकलेले राहते. दर महिन्याचे छोटे अपडेट काही फाइल बदलते. मोठ्या आवृत्तीचे अपडेट मात्र जुनी विंडोज बाजूला ठेवून जवळजवळ नवी विंडोज बसवते आणि ती हार्डवेअरशी वेगळ्या पद्धतीने वागू शकते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये २४एच२ आली तेव्हाचे उदाहरण बोलके आहे. वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या २ टीबी क्षमतेच्या एसएसडी असलेल्या संगणकांवर निळे पडदे येऊ लागले. या एसएसडींना स्वतःची वेगळी मेमरी नसते, त्या संगणकाच्या रॅममधला थोडा भाग उसना घेतात. आधीची विंडोज त्यांना ६४ एमबी देत होती; २४एच२ ने त्यांनी मागितलेले २०० एमबी देऊन टाकले आणि एसएसडीच्या आतल्या सॉफ्टवेअरला ते झेपले नाही. कंपनीने फर्मवेअर अपडेट दिल्यावर प्रश्न मिटला. ज्यांनी विंडोज चार-चार वेळा फॉरमॅट केली, त्यांना त्याचा काहीही उपयोग होण्यासारखा नव्हता.

‘नवा’ म्हणजे नक्की किती नवा?

हा प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारायला हवा. ‘आय-फाइव्ह आहे’ एवढ्याने काही कळत नाही. आय-फाइव्ह ३४७० हा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर २०१२ चा आहे. आय-फाइव्ह १२४०० बाराव्या पिढीचा. पुढचा एक किंवा दोन आकडे पिढी सांगतात. चकचकीत कॅबिनेट, नवी एसएसडी आणि आत वापरलेला जुना प्रोसेसर, असे संगणकही ‘नवे’ म्हणून विकले जातात. मोजके अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर विंडोज ११ ला अधिकृतपणे चालतात. शिवाय टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागते. या अटी चुकवून विंडोज ११ टाकता येते, अनेक जण टाकूनही देतात. पण अशा संगणकाला पुढची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही.

पेनड्राइव्हचे काय?

दुकानात एकच पेनड्राइव्ह वर्षभर फिरत असतो आणि इथे एक खाचखळगा आहे. ८ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२४ या काळातली सुरक्षा अपडेट समाविष्ट करून बनवलेल्या पेनड्राइव्हवरून २४एच२ बसवली, तर तो संगणक पुढची सुरक्षा अपडेट स्वीकारण्याचेच थांबवू शकत होता. मायक्रोसॉफ्टने ही चूक मान्य करून डिसेंबर २०२४ किंवा त्यानंतरच्या प्रतीवरून पेनड्राइव्ह नव्याने बनवायला सांगितले. त्यामुळे अपडेट सुरूच होत नसेल, तर विंडोज कोणत्या पेनड्राइव्हवरून टाकली हे तंत्रज्ञाला विचारणे वावगे नाही.

आणखी एक अडचण पहिल्याच दिवशी येते. नव्या मदरबोर्डवरच्या लॅन किंवा वायफायचा ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये नसतो आणि विंडोज ११ तर इंटरनेटशिवाय पुढे जाऊ देत नाही. मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू केले की बहुतेक वेळा काम भागते. मोठे अपडेट मात्र काही जीबींचे असते. दिवसाला दीड जीबीच्या मोबाइल डेटावर ते उतरवायला बसू नये.

अपडेट मागे फिरले, तर सुरुवात कुठून?

सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’च्या इतिहासात एक संकेतांक दिसतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ८००७००७० वर संपणारा संकेतांक म्हणजे जागा कमी. आपल्याकडे सी, डी, ई असे भाग पाडायची जुनी सवय आहे. ५०० जीबीच्या एसएसडीतही सी ड्राइव्ह ८० जीबीचा, बाकी सगळे रिकामे. सी वर निदान २५-३० जीबी मोकळी करावी. सी१९००१०१ या आकड्यांनी सुरू होणारा संकेतांक बहुतेकदा ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. तेव्हा आधी मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरून चिपसेट, लॅन आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर नवे करावेत. प्रिंटर, पेनड्राइव्ह, ठसे घेणारे यंत्र असे बाहेरचे सगळे काढावे. कीबोर्ड आणि माउस पुरे. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर तोही तात्पुरता काढून टाकावा.

यानंतर रॅम. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू असेल तर रॅम तिच्या मूळ वेगापेक्षा जास्त पळत असते. गाणी, टायपिंग, ब्राउझर यांत काही कळत नाही. हजारो फाइल उलगडणाऱ्या अपडेटमध्ये मात्र एखादा बिट चुकला तरी सारे कोसळते. अपडेटपुरते ते बंद करून पाहावे. साधी गोष्ट आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष होते.

बायोस जुना असणे हेही नेहमीचे कारण. मदरबोर्ड दुकानात महिनोन्‌महिने पडून असतो आणि बायोस कारखान्यातून निघाला तेव्हाचाच असतो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरबाबत तर हे फारच महत्त्वाचे. जास्त व्होल्टेज मागण्याच्या दोषामुळे ते कालांतराने अस्थिर होत होते. ऑगस्ट २०२४ पासून त्यावरचे उपाय बायोस अपडेटमधून आले आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधी झालेली हानी मात्र बायोसने भरून निघत नाही. असा प्रोसेसर वारंवार अडखळत असेल तर तो बदलूनच घ्यावा लागतो, म्हणून बिल जपून ठेवावे.

बायोस अपडेट सुरू असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. मे-जूनमधल्या वादळी संध्याकाळी, यूपीएसशिवाय, हे काम करू नये. डीडीआर५ रॅमच्या संगणकात बायोस बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटे काळाच राहतो. यंत्र रॅमची जुळवणी करत असते. घाबरून बटण दाबून बंद करणारेच इथे नवा घोळ घालतात.

पडदा ४८ आकडे का मागतो?

खरी जोखीम इथे आहे. २४एच२ नव्याने बसवून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केले, की बहुतेक नव्या संगणकांवर ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद होतो, होम आवृत्तीतसुद्धा. जुन्या विंडोजवरून वर गेलेल्यांना हे सहसा लागू होत नाही. या कुलपाची किल्ली टीपीएममध्ये असते, म्हणून रोज काही जाणवत नाही. बायोस अपडेट केला किंवा मदरबोर्ड बदलला, की टीपीएमला काहीतरी बदलल्याचा संशय येतो आणि पडद्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाते. एएमडीच्या बोर्डांवर बायोसनंतर कधीकधी इंग्रजीत प्रश्न येतो, टीपीएम पुन्हा कोरा करायचा का. ‘वाय’ दाबायचे की ‘एन’. न वाचता ‘वाय’ दाबले आणि की हाताशी नसेल, तर डेटा गेला.

की असते कुठे? पहिल्यांदा ज्याच्या खात्याने लॉगिन झाले, त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर. आणि घाईच्या वेळी तंत्रज्ञ स्वतःचाच ईमेल टाकून संगणक सुरू करून देतो! दोन वर्षांनी तो ईमेल त्यालाही आठवत नाही. ही की नसेल तर मायक्रोसॉफ्टही ती देऊ शकत नाही. म्हणून संगणक ताब्यात घेताना स्वतःच्या खात्याने लॉगिन करावे, की कागदावर उतरवून बिलासोबत ठेवावी आणि बायोसला हात लावण्याआधी सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करावे. प्रो आवृत्तीत बिटलॉकर तात्पुरता थांबवता येतो.

शेजाऱ्याला अपडेट आले, आपल्याला नाही, असे का?

कधीकधी हा दोष नसतो. विशिष्ट ड्रायव्हर किंवा प्रोग्रामशी भांडण असल्याचे कळले, की मायक्रोसॉफ्ट तशा संगणकांना अपडेट देणेच थांबवते. काही खेळ, ध्वनीचे काही ड्रायव्हर आणि असुसच्या दोन लॅपटॉप मॉडेलबाबत २४एच२ च्या वेळी असे झाले. पेनड्राइव्हने ही अटकाव ओलांडता येते, पण ती ओलांडणे म्हणजे ज्ञात दोष हाताने ओढवून घेणे. २४एच२ वरून २५एच२ वर जाणे मात्र हलके आहे. दोन्हींचा पाया एकच असल्याने छोटे पॅकेज उतरते आणि एकदा रिस्टार्ट होते.

अपडेट झाले, पण ठसे घेतले जात नाहीत…

सेवा केंद्रांत हा अनुभव येऊ शकतो. ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर, जुना प्रिंटर आणि मराठी टंकलेखनाचे डोंगलवर चालणारे जुने सॉफ्टवेअर, हे चार भिडू मोठ्या अपडेटनंतर आधी तपासावेत. पहिले दोन त्या-त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून पुन्हा बसवले की सहसा चालू होतात. जुन्या डोंगलचा भरवसा देता येत नाही. काहीच जमले नाही, तर सेटिंग्जच्या ‘रिकव्हरी’ विभागातून आधीच्या आवृत्तीवर परतता येते. त्यासाठी अपडेट झाल्यापासून १० दिवस मिळतात आणि ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर जागेवर असावे लागते. जागा मोकळी करण्याच्या भरात पहिल्याच दिवशी ते पुसले, तर परतीची ही वाट बंद होते.